स्पीकर ही मालमत्ता, अॅम्प्लिफायर हा खर्च



या सदरात आपण बहुधा ठेवी, कर्जे, विमा आणि वारसनोंदी यांचा विचार करतो. या खेपेचा विषय वरकरणी वेगळा आहे. तथापि तोही अखेर पैशाच्या विनियोगाचाच आहे. गेल्या वर्षभरात चोपड्यातील आणि परिसरातील काही परिचित कुटुंबांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. घरातील जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर बंद पडला आहे. त्याची दुरुस्ती करावी की नवा घ्यावा? नवा घ्यावयाचा तर पूर्वीसारखा दहा-पंधरा किलो वजनाचा घ्यावा, की ‘क्लास डी’ या नावाने हल्ली जे वहीएवढे डबे मिळतात त्यांतील एखादा घ्यावा? आणि त्या डब्यांवर ‘३०० वॅट अधिक ३०० वॅट’ असे जे छापलेले असते, त्यावर कितपत विश्वास ठेवावा?

संगीत ऐकण्याचा नाद मला नोकरीच्या काळापासून आहे, आणि आकड्यांची खातरजमा केल्यावाचून सही न करण्याची सवय बँकेने लावली. या दोहोंच्या बळावर मी जे उत्तर देत आलो, ते येथे सविस्तर मांडतो. सारांश प्रथमच सांगावयाचा तर तो असा : क्लास डीच्या आगमनानंतर अॅम्प्लिफायर ही वस्तू ताळेबंदातील मालमत्तेच्या बाजूवरून नफा-तोटा पत्रकातील खर्चाच्या बाजूला आली आहे. मालमत्ता म्हणून जपावयाचे ते स्पीकर. एवढे ध्यानात ठेवले तर निवड सोपी होते आणि पैसाही योग्य ठिकाणी लागतो.

‘डी’ म्हणजे काय?

मोबाइल, टीव्ही किंवा रेकॉर्ड प्लेअर यांच्याकडून येणारा विद्युतसंकेत अत्यंत क्षीण असतो. स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ त्याला देणे, हे अॅम्प्लिफायरचे काम. हे काम करण्याच्या पद्धतींना इंग्रजी अक्षरांची नावे पडली : ए, बी, त्या दोहोंचा मेळ असलेली एबी, रेडिओ प्रक्षेपकांसाठीची सी, आणि तिच्यानंतरची डी. पुष्कळ विक्रेते ‘डी म्हणजे डिजिटल’ असे सांगतात. ते खरे नाही. सीनंतरचे मोकळे अक्षर डी होते, इतकाच त्याचा अर्थ.

दोन पद्धतींतील फरक आपल्या भागातील शेतकऱ्याला सहज समजेल. विहिरीवरील मोटर चालू आहे आणि केळीला निम्मेच पाणी हवे आहे. एक मार्ग असा की व्हॉल्व्ह अर्धा बंद करावा. पाणी कमी मिळते. परंतु मोटर राबतच राहते आणि तिच्या शक्तीचा मोठा वाटा व्हॉल्व्हपाशी वाया जातो. दुसरा मार्ग असा की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा आणि मोटर निम्माच वेळ चालवावी. जुना एबी वर्गाचा अॅम्प्लिफायर पहिल्या मार्गाने चालतो; त्यातील ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात आणि वाया गेलेली वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतात. त्या उष्णतेसाठीच ॲल्युमिनियमचे ते जाड पंखे लागतात. क्लास डीमधील ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात, नाहीतर पूर्ण बंद. ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते, आणि किती काळ चालू राहावयाचे व किती काळ बंद, हे संगीताच्या चढउतारानुसार ठरते. शेवटी वेटोळे आणि कपॅसिटर यांची एक गाळणी असते. तुटक येणारे पाणी हौदात साठून तोटीतून सलग धारेने बाहेर पडावे, तसे ती गाळणी त्या तुटक स्पंदांचे सलग संगीत करते.

याचा लाभ आकड्यांत पाहू. ए वर्गाची कार्यक्षमता सिद्धान्ततः जास्तीत जास्त ५० टक्के, बी वर्गाची सुमारे ७८ टक्के. क्लास डीची सिद्धान्ततः १०० टक्के असून प्रत्यक्षात, भार पूर्ण असताना, ती ९० टक्क्यांच्या आसपास भरते. वैशाखात आपल्या जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा या फरकाला विशेष महत्त्व येते. अॅम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारणपणे निम्मे होते, असा या क्षेत्रातील सर्वमान्य ठोकताळा आहे. बंद कपाटात ठेवलेला तापणारा अॅम्प्लिफायर खानदेशात लवकर का म्हातारा होतो, याचे उत्तर या ठोकताळ्यात आहे.

अपयशाची वर्षे

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये सिंक्लेअर या कंपनीने १९६४ साली ‘एक्स-१०’ नावाचा क्लास डीचा सुटा संच बाजारात आणला. नावातील आकडा दहाचा असला तरी त्यातून प्रत्यक्षात अवघे अडीच वॅट मिळत. वॅटच्या आकड्याची अतिशयोक्ती या यंत्राच्या जन्मापासूनची आहे, हे येथे नोंदवून ठेवावे. १९७८ मध्ये सोनीने ‘टीए-एन८८’ काढला. तोही अपवादात्मकच राहिला. त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाच्या उघडझापीला पुरे पडत नव्हते.

पुढे १९९५ साली आद्या त्रिपाठी या भारतीय वंशाच्या अभियंत्याने अमेरिकेत ‘ट्रायपाथ’ ही कंपनी स्थापिली. तिच्या ‘टीए २०२०’ या चिपने कमी खर्चात उत्तम आवाज शक्य आहे हे दाखवून दिले. तिच्याच जातकुळीतील ‘टीए २०२४’ चिप वापरणारा, प्लॅस्टिकच्या डब्यातील आणि बॅटरीवरही चालणारा एक अॅम्प्लिफायर चाळीस डॉलरच्या आसपास विकला जाऊ लागला, तेव्हा लाखोंची यंत्रे बाळगणारे शौकीनही चकित झाले. ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने २००९ मध्ये जग हादरविणाऱ्या २५ मायक्रोचिप्सची यादी केली, तीत या ‘टीए २०२०’चा समावेश होता. कंपनी मात्र तोपर्यंत, म्हणजे २००७ मध्येच, दिवाळखोरीत गेली होती. उत्तम माल आणि उत्तम धंदा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्यासारख्या व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको.

त्यानंतरची प्रगती युरोपात झाली. डेन्मार्कमध्ये १९९९ साली ‘आइसपॉवर’ सुरू झाली. फिलिप्समध्ये काम करीत असताना ब्रुनो पुट्झेस या बेल्जियन अभियंत्याने ‘यूसीडी’ नावाची रचना सिद्ध केली; पुढे हॉलंडच्या ‘हायपेक्स’साठी ‘एनकोर’ आणि २०१९ मध्ये डेन्मार्कच्या ‘प्युरिफाय’साठी ‘आयगेनटाक्ट’ या रचना त्यांच्या सहभागाने आल्या. या रचनांत गुणगुण आणि विकृती इतकी अल्प असते की ती कानाच्या कक्षेबाहेर जाते. ‘क्लास डीचा आवाज कोरडा असतो’ हा जुना आक्षेप त्या काळच्या यंत्रांबाबत खरा होता. आजच्या चांगल्या यंत्रांना तो लागू नाही.

मंजूर मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर

आता डब्यावरील ‘३०० अधिक ३००’कडे वळू. नव्वदच्या दशकात स्वस्त डेकवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ अशी चिकटपट्टी असे, हे अनेकांना आठवत असेल. त्या आकड्याला कसलाही आधार नसे. आजचा प्रकार थोडा सभ्य आहे. पण जात तीच.

व्यापाऱ्याला बँकेने ३० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली, तरी त्याला प्रत्यक्षात किती उचलता येते? मालसाठा आणि उधारी यांवरून जी ड्रॉइंग पॉवर निघते, तेवढेच. अॅम्प्लिफायरचेही तसेच आहे. या डब्यांत बहुधा अमेरिकेच्या ‘टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स’ची ‘टीपीए ३२५५’ ही चिप असते. चिपच्या माहितीपत्रकात प्रत्येक बाजूला ३१५ वॅट असा आकडा आहे. परंतु तो ४ ओहमच्या स्पीकरवर, पन्नासाहून अधिक व्होल्टच्या पुरवठ्यावर आणि १० टक्के विकृती मान्य करून काढलेला आहे. ही झाली मंजूर मर्यादा. दहा टक्के विकृती म्हणजे गाणे चिरकले आहे हे शेजाऱ्यालाही कळावे इतकी खराबी. प्रामाणिक आकडा १ टक्का किंवा त्याहून कमी विकृतीचाच धरावा.

ड्रॉइंग पॉवर काढण्याची कृती सोपी आहे. अॅम्प्लिफायरसोबत येणाऱ्या अॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करावा. ४८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे २४० वॅट. जमेच्या बाजूला २४० असताना खर्चाच्या बाजूला ६०० कसे पडतील? त्या २४० मधूनही दहा टक्के यंत्रातच खर्ची पडणार. उरलेले दोन्ही बाजूंना वाटून सुमारे १०८ वॅट प्रत्येकी, हीच अखंड शक्तीची खरी मर्यादा. क्षणिक ठेक्यांना कपॅसिटरमधील साठा थोडा अधिक देतो, एवढेच.

दुसरी मर्यादा व्होल्टची. अॅडॉप्टरवर चालणाऱ्या या प्रकारच्या यंत्रांत, स्पीकर ८ ओहमचा असेल तर व्होल्टच्या वर्गाला १६ ने भागावे; ४ ओहमचा असेल तर ८ ने. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला २४ व्होल्टवर फार तर ३६ वॅट, ३२ व्होल्टवर ६४ आणि ४८ व्होल्टवर १४४. या दोन मर्यादांपैकी जी लहान, ती खरी. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर हा हिशेब एका मिनिटात होतो, आणि तो मांडून दाखविला की विक्रेत्याचा स्वरही बदलतो.

वॅट किती लागतात?

खरा प्रश्न मात्र यापुढचा आहे : इतके वॅट हवेत कशाला? स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता’ नावाची एक ओळ असते. उदाहरणार्थ ८७ डेसिबेल. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर तो स्पीकर एवढा आवाज करतो, असा तिचा अर्थ. अशा दोन स्पीकरांपासून तीन मीटरवर, आपल्या नेहमीच्या बैठकीच्या खोलीत, एका वॅटने सुमारे ८० डेसिबेल मिळतात. साधे संभाषण ६० च्या आसपास असते. म्हणजे एका वॅटनेच खोली भरते.

कानाचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटण्यास सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते. साठ वॅटऐवजी तीनशे वॅट घेतले तर पाचपट शक्तीत जेमतेम ७ डेसिबेल पदरात पडतात. सुरांच्या आकस्मिक उसळीसाठी राखीव शक्ती हवी हे मान्य; पण पंधरा फूट बाय बारा फुटांच्या खोलीला आणि मध्यम संवेदनशीलतेच्या स्पीकरांना प्रामाणिक ५०-६० वॅट पुरेसे आहेत. मोठा हॉल असेल किंवा स्पीकर ८४-८५ डेसिबेलचे असतील, तर शंभरचा विचार करावा.

आणखी एक मर्यादा कायद्याची व आरोग्याची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही पातळी ठरलेली आहे. आपल्या पेठांतील घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. त्यातून खर्जाचा आवाज सहज पलीकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी ८० डेसिबेलला आठवड्याला ४० तास आणि ९० डेसिबेलला अवघे ४ तास असे प्रमाण सांगितले आहे. जे वॅट वापरले तर कान आणि शेजार दोन्ही बिघडतात, त्यांचे पैसे का मोजावेत?

एका घराचा हिशेब

आपल्याच गावातील एका कापड व्यापारी कुटुंबाचे उदाहरण देतो. नाव देण्याचे कारण नाही. कर्ता पुरुष दोन वर्षांपूर्वी निवर्तला. त्यांनी ऐंशीच्या दशकात हौसेने घेतलेली कंबरेइतक्या उंचीच्या स्पीकरांची जोडी दिवाणखान्यात होती. अॅम्प्लिफायर बंद पडला, तत्पूर्वी कित्येक महिने आवाज फाटत होता. धाकट्या मुलाचे मत असे की स्पीकर भंगारात द्यावे आणि टीव्हीखाली साउंडबार लावावा. थोरल्याला मोठ्या शहरातील एका दुकानात सांगण्यात आले की एवढ्या मोठ्या स्पीकरांना ३०० वॅटचाच अॅम्प्लिफायर हवा, आणि त्याचे साठ हजार होतील. मातोश्रींचे म्हणणे एकच : काहीही आणा, पण ती खोकी घराबाहेर जाता कामा नयेत.

प्रथम आम्ही स्पीकरची जाळी काढून पाहिली. पडद्याभोवतीची फोमची कड बोट लावताच भुकटी होऊन पडली. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत अशी विरतेच. आवाज फाटत होता तो तिच्यामुळे; दोष आजवर अॅम्प्लिफायरवर लादला गेला होता. मग हिशेब मांडला. स्पीकर ८ ओहमचे, संवेदनशीलता चांगली, खोली मध्यम. ३२ व्होल्टचा, दहा हजारांच्या आसपासचा क्लास डी अॅम्प्लिफायर घेतला, आणि मुंबईहून मागविलेल्या नव्या कडा जळगावच्या एका कारागिराकडून बसवून घेतल्या. साठ हजारांऐवजी सर्व मिळून वीस हजारांच्या आत काम झाले.

पहिल्या सायंकाळी माणिक वर्मांची जुनी भावगीते लावली. आवाजाची कळ चौथाईदेखील फिरवावी लागली नाही. मातोश्री बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “ह्यांच्या वेळी वाजायचं, तसंच वाजतंय.” धाकट्याने साउंडबारचा विषय पुन्हा काढला नाही. भंगारात जाणारी वस्तू घरातील खरी मालमत्ता होती, हे साठ हजारांचा अॅम्प्लिफायर आणून कळले नसते. त्यावरही आवाज तसाच फाटला असता.

बाजारातील तीन प्रतवाऱ्या

पहिली प्रत, स्वतंत्र अॅडॉप्टरवर चालणाऱ्या लहान डब्यांची. फोसी, आयिमा, एसएमएसएल, टॉपिंग ही चिनी नावे येथे प्रमुख आहेत. निवड करताना एक प्रश्न अवश्य विचारावा : दुरुस्तीचा संकेत गाळणीच्या अलीकडून घेतला आहे की पलीकडून? जुन्या रचनेत तो अलीकडून घेतला जातो. परिणामी स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतील सुरांचा तोलही बदलतो. कुठे टाळ-झांजा टोचतात, तर कुठे मंदावतात. पलीकडून, म्हणजे गाळणीनंतर, संकेत घेणाऱ्या रचनेला ‘पीएफएफबी’ असे नाव आहे. थोडे पैसे अधिक पडले तरी घरासाठी तीच घ्यावी.

दुसरी प्रत, अॅम्प्लिफायर आणि इंटरनेटवरून गाणी वाजविण्याची सोय एकाच पेटीत असणाऱ्या यंत्रांची. ‘विम’चा अॅम्प हे त्याचे उदाहरण. यात टीव्हीची एचडीएमआय जोडणीही होते. हे यंत्र ८ ओहमला ६० वॅट एवढाच आकडा सांगते, आणि तो प्रामाणिक आहे. ज्या घरात ज्येष्ठ मंडळींना एकच रिमोट हवा असतो, तेथे ही प्रत सोयीची.

तिसरी प्रत, हायपेक्स, प्युरिफाय अथवा आइसपॉवर यांचे भाग वापरणाऱ्या यंत्रांची. मरँट्झच्या ‘मॉडेल ३०’मध्ये हायपेक्सचा, तर एनएडीच्या ‘सी २९८’मध्ये प्युरिफायची रचना आहे. किंमत लाखाच्या पुढे जाते. स्पीकरच दोन-तीन लाखांचे, ४ ओहमचे आणि ओढून घेणारे असतील, तर हा खर्च समर्थनीय आहे. एरवी पहिल्या प्रतीतील चांगल्या यंत्रापासून इथवर येण्यात कानाला मिळणारा लाभ अल्प आणि खिशाला बसणारा भार मोठा. ‘गॅन ट्रान्झिस्टर’ या नव्या शब्दालाही एवढ्यावरून भुलू नये. संपूर्ण रचना कशी आहे ते पाहावे.

जुन्या पद्धतीची बाजू

न्यायाने पाहता एबी वर्गाचेही एक मोठे बलस्थान आहे : तो दुरुस्त होतो. त्यात ‘५२००’ आणि ‘१९४३’ या क्रमांकांची ट्रान्झिस्टरची जोडी असेल, तर ती तालुक्याच्या कोणत्याही मेकॅनिकला पाठ असते. सुटे भाग जळगावात, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. क्लास डीची तांदळाच्या दाण्याएवढ्या भागांनी भरलेली पट्टी बहुधा दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. म्हणून घरी चांगल्या घडणीचा जुना अॅम्प्लिफायर असेल आणि दुरुस्ती दोन-तीन हजारांत होत असेल, तर ती आधी करावी. क्लास डी घेताना तो सात-आठ वर्षांचा खर्च समजूनच घ्यावा.

विजेच्या बचतीचा मुद्दाही तारतम्याने घ्यावा. जुना अॅम्प्लिफायर नुसता चालू राहून ५० वॅट खात असेल आणि नवा १० वॅट, तर रोज चार तासांप्रमाणे वर्षाला सुमारे ५८ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी बचत सहाशेच्या आत. केवळ तेवढ्यासाठी चालता अॅम्प्लिफायर बदलणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

खरेदी व वापरातील दक्षता

१. या यंत्रांत स्पीकरची काळी तार ही भूमी नसते. तिच्यातूनही संकेत वाहतो. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा एकमेकींना कधीही जोडू नयेत. जुन्या वायरिंगमध्ये त्या एकत्र केलेल्या असल्यास आधी वेगळ्या कराव्यात. अन्यथा यंत्र पहिल्याच दिवशी जळू शकते.

२. अॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तर कमी दाबासाठी स्टॅबिलायझर लागत नाही. मात्र न्यूट्रल तुटला की घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. म्हणून चांगला सर्ज प्रोटेक्टर लावावा, आणि वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागताच प्लग काढून ठेवावा.

३. लाखो वेळच्या उघडझापीने मध्यम लहरींच्या रेडिओत खरखर येऊ शकते. आकाशवाणी जळगाव ऐकण्याचा ज्यांचा परिपाठ आहे, त्यांनी रेडिओ अॅम्प्लिफायरपासून दूर ठेवावा.

४. बिल घराच्या नावाने घ्यावे. दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेऊन कराची वजावट मिळविण्याचा मोह काहींना होतो. परंतु वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर ती वजावट कायद्याने मिळत नाही. थोड्या रकमेसाठी तपासणीत उत्तरे देत बसू नये. वॉरंटी भारतात कोण देणार, हेही बिलावर लिहून घ्यावे.

५. परतीची मुदत असतानाच परीक्षा घ्यावी. आवाज शून्यावर ठेवून कान स्पीकरच्या छोट्या पडद्यापाशी न्यावा. सी-सी असा स्वर हातभर अंतरावरून ऐकू येता कामा नये. चालू-बंद करताना मोठा धक्का बसू नये. नंतर आपल्या परिचयाची ख्यालाची एखादी ध्वनिमुद्रिका लावावी. तानपुऱ्याची जवारी सलग आणि निर्मळ राहते का, तबल्याच्या बायांची मींड गोल येते का आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहतो का, एवढे पाहावे.

अंदाजपत्रकाविषयी माझी सूचना अशी : नव्याने सर्व घ्यावयाचे असेल तर शंभर रुपयांतील पासष्ट ते सत्तर स्पीकरांसाठी ठेवावेत, वीस-पंचवीस अॅम्प्लिफायरसाठी आणि उरलेले तारा, स्टँड व जाड पडदे यांसाठी. उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत लाखाचा अॅम्प्लिफायरही घुमतो. एक जाड सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट तेथे अधिक काम करते. घरी जुने चांगले स्पीकर असतील, तर खरेदीला निघण्यापूर्वी त्यांची जाळी काढून फोमची कड बोटाने तपासावी आणि पाठीमागील पट्टीवरील ओहमचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. तेवढा कागद खिशात असला की दुकानदाराच्या तीनशे वॅटना उत्तर देणे कठीण जात नाही.